आमच्यानंतर कोण? पूर्ण मदत लागणाऱ्या प्रौढ मुलाभोवती माणसं कशी जोडायची

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा २६ वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आणि तीव्र बौद्धिक अक्षमता. चालत नाही, शब्द नाहीत, खाणं-पिणं, शी-शू, अंघोळ सगळं दुसऱ्यानं करावं लागतं, अधूनमधून आकडी येते. विशेष शाळा १८ व्या वर्षी सुटली, तेव्हापासून तो घरीच. आई-वडील साठीच्या आसपास, मोठी बहीण लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ‘आमच्यानंतर याचं कसं होणार? आत्ताच एखाद्या चांगल्या निवासी संस्थेत ठेवावं का?’

आधी उत्तर देतो, मग तपशील. तुमची जागा घेईल असा एक माणूस शोधू नका. तसा माणूस सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर सगळा भार त्या एकावर असणं हाच मोठा धोका असतो. आज आई जी कामं करते ती सुटी करा, लिहून काढा आणि सात-आठ जणांत वाटा. ही वाटणी तुम्ही हिंडते-फिरते असतानाच सुरू व्हायला हवी, कारण त्याच्या खुणा, त्याच्या सवयी, त्याचं दुखणं ओळखण्याची हातोटी तुमच्याकडून शिकावी लागते. ती कुठल्याही फाइलमध्ये पूर्णपणे उतरत नाही. संस्थेचा निर्णय त्यानंतरचा. आणि तो संस्थेत गेला तरी हीच माणसं लागतील.

ही कल्पना काही हवेतली नाही. टोरांटोच्या ज्युडिथ स्नो यांना गंभीर शारीरिक अपंगत्व होतं. मदतनिसांसाठी पैशाची सोय नव्हती म्हणून तरुण वयात त्यांना दीर्घकाळ रुग्णांच्या इस्पितळात राहावं लागत होतं. १९८० च्या सुमारास मार्शा फॉरेस्ट आणि काही मित्रांनी त्यांच्याभोवती ‘जोशुआ कमिटी’ नावाचा गट जमवला, सरकारदरबारी पाठपुरावा केला, त्यांच्या स्वतःच्या नावानं मदतनिसांचा निधी मिळवला, आणि त्या घरी राहू लागल्या. पुढे १९८९ मध्ये व्हँकूव्हरच्या काही पालकांनी ‘प्लॅन’ ही संस्था काढली, ती नेमका तुमचाच प्रश्न घेऊन. तिथे प्रत्येक वर्तुळ, म्हणजे त्या माणसाभोवती जोडलेल्या माणसांचा गट, जमवायला आणि टिकवायला पगारी समन्वयक असतो. आपल्याकडे ते काम कुणातरी ओळखीच्या माणसाला मनापासून करावं लागतं. पण आपल्याकडे शेजार आहे, मंडळं आहेत, चुलत-मावस भावंडं आहेत. ती वापरायला संकोच करू नका.

सुरुवात लिहिण्यापासून करा. सहा-आठ पानांची वही पुरते, जास्त मोठी कुणी वाचत नाही.

पहिलं पान जेवणाचं, कारण नवीन माणसाच्या हातून जीवघेणी चूक होते ती इथे. ठसका निदान दिसतो. पण काही वेळा अन्न किंवा पाणी खोकलासुद्धा न येता श्वासनलिकेत उतरतं आणि मग ‘छातीत कफ झालाय’ म्हणून वरचेवर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून बसण्याची रीत फोटोसकट लिहा: कंबर खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेली, गुडघे काटकोनात, तळपाय आधारावर, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्यानं उभं राहून वरून भरवायचं नाही. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहिलं की तो वर बघतो, मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. चमचा अर्धाच भरायचा, कंठ हलून गिळल्याचं दिसलं की मगच पुढचा घास. चमचा दातांत आवळून धरत असेल तर धातूचा नको, सिलिकॉनचा घ्या, आणि ओढून काढू नका, जबडा सैल होण्याची वाट पाहा. जेवण झाल्यावर किमान ३० मिनिटं बसतं ठेवायचं. आडवं करून भरवणं आणि नाक दाबून औषध पाजणं या दोन गोष्टी वहीत मोठ्या अक्षरात ‘कधीही नाही’ म्हणून लिहा.

पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ सगळ्यात फसवे. पातळ आमटीत भाताची शितं, दुधातले पोहे, संत्र्याच्या फोडी. तोंडात पाणी पुढे पळतं आणि घट्ट मागे राहतं. एकजीव असलेलं चालतं: घोटलेला वरणभात, नाचणीचं सत्त्व, आसट खिचडी, कुस्करलेलं केळं. नुसत्या पाण्यानं ठसका लागत असेल तर ते किती दाट करायचं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या आणि मापासकट लिहा. ‘थोडं दाट’ असं लिहिलं तर चार जण चार प्रकारे करतात. जेवताना किंवा नंतर आवाज ओला, घरघरता झाला, डोळ्यांत पाणी आलं, तर थांबायचं, हेही याच पानावर.

दुसरं पान त्याच्या खुणांचं. तीन रकाने करा: तो काय करतो, त्याचा अर्थ काय, आपण काय करायचं. ‘मान डावीकडे वळवून ओठ मिटतो; पोट भरलं; चमचा खाली ठेवा, आग्रह नको.’ अशा वीस-पंचवीस ओळी आईच्या डोक्यात तयार असतात. त्या एका बैठकीत आठवत नाहीत, म्हणून पंधरा दिवस वही स्वयंपाकघरात ठेवा आणि जसजसं होईल तसं टिपा. हे पान नसलं की नवा माणूस ‘याला काही कळत नाही’ असं ठरवून मोकळा होतो, आणि एकदा तसं ठरलं की कुणी त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलतात. सगळ्यात मोठं नुकसान तिथून सुरू होतं. निवड करायला शिकवणं आजही शक्य आहे. दोन खऱ्या वस्तू समोर धरायच्या, एक वेळ एकच प्रश्न, आणि उत्तरासाठी निदान १० सेकंद थांबायचं. बहुतेक जण दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतात आणि त्याचं सुरू झालेलं उत्तर मोडतात.

याच पानाच्या मागे लिहा: तो अचानक रडायला, किंचाळायला, स्वतःला मारायला लागला तर ‘वागणं बिघडलं’ म्हणण्याआधी काय तपासायचं. दात आणि हिरड्या, पोट, कान, लघवी, कातडी. बद्धकोष्ठ हे सगळ्यात जास्त निसटणारं कारण आहे, म्हणून शौचाची रोज खूण करायचा कॅलेंडरचा कागद मोरीच्या दाराला लावा. मुलगी असेल तर पाळीच्या तारखाही. झोपेचं किंवा शांत करणारं औषध वाढवण्याआधी ही यादी पूर्ण झाली का, हे विचारणारा एक तरी माणूस वर्तुळात असला पाहिजे.

आकडीचं पान भिंतीवर लावा. वेळ बघा. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर रुग्णालय. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर किती फवारे आणि कितव्या मिनिटाला, हे त्यांच्याच हस्ताक्षरात तिथे चिकटवा.

उचलण्याबद्दल. काखेत हात घालून उचलू नका. त्याचे खांदे निखळू शकतात आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. पलंगावर सरकवायला जाड चादर दुहेरी घालून दोघांनी ओढायचं. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत दर अर्ध्या तासाला वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला सरकवायचं. माकडहाड, टाचा आणि कुल्ल्यांची हाडं रोज बघायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: शेजारच्या भागापेक्षा गरम किंवा टणक लागलं तर त्या जागेवरचं वजन लगेच काढायचं.

वहीच्या जोडीला दोन-तीन मिनिटांचे मोबाइल व्हिडिओ काढा: खुर्चीत बसवणं, भरवणं, कूस बदलणं. अंघोळीचे आणि कपडे बदलण्याचे काढू नका. ते कुठे फिरतील सांगता येत नाही, आणि तुमच्याइतकीच अब्रू त्यालाही आहे.

आता माणसं. एका कागदावर चार वर्तुळं काढा, एकात एक. सगळ्यात आत, ज्यांच्याशिवाय त्याचं चालत नाही ते. दुसऱ्यात, त्याचे मित्र. तिसऱ्यात, ज्यांच्याबरोबर तो काही करतो, जिथे जातो तिथली माणसं. बाहेरच्यात, पैसे घेऊन काम करणारे: डॉक्टर, थेरपिस्ट, मावशी, रिक्षावाले. ज्युडिथ स्नो आणि मार्शा फॉरेस्ट यांच्या गोतावळ्यात हा व्यायाम वापरला जाई. तुमच्या मुलाच्या वयाच्या बहुतेक मुलांच्या कागदावर आतलं आणि बाहेरचं वर्तुळ भरलेलं आणि मधली दोन कोरी असतात. आई-वडील गेले की आतलंही रिकामं होतं आणि उरतात ती फक्त पगारी माणसं. तुम्हाला काम करायचंय ते मधल्या दोन वर्तुळांवर.

तीस नावं लिहा. नात्यातले, शेजारचे, मेडिकलवाले, शाळेतल्या जुन्या ताई, त्याला हाक मारून जाणारे कुणीही. त्यातले आठ-दहा निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा: निदान दोघं पस्तिशीच्या आतले हवेत, नाहीतर तुमच्याबरोबर गटही म्हातारा होईल, निदान दोघं पाच मिनिटांत चालत येऊ शकणारे हवेत, आणि बँकेच्या, सरकारी कागदांना न घाबरणारं एक माणूस हवं. बहिणीला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण समन्वयक करू नका. ‘बहीण आहे ना’ या एका वाक्यावर बाकी सगळे मोकळे होतात, आणि तिला मात्र कुणी विचारलेलंच नसतं.

आमंत्रण समक्ष जाऊन द्या. ‘रविवारी संध्याकाळी ५ ते ६:३०, याच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलायचंय, पैसे मागणार नाही.’ पैशाचं वाक्य आवर्जून बोला, त्यानं माणसाचा जीव भांड्यात पडतो. मुलगा बैठकीत हजर असलाच पाहिजे, आतल्या खोलीत नव्हे. बैठक आई-वडिलांनी चालवू नये. शाळेतल्या ताई, समाजकार्यकर्ती, नात्यातलं शांत डोक्याचं कुणी, असं माणूस नेमा. आई-वडील चालवतात तेव्हा बैठकीचं रूपांतर एकतर दुःख सांगण्यात होतं, नाहीतर ‘आमचं बरं चाललंय’ म्हणण्यात.

पहिली चाळीस मिनिटं आजाराचं काही काढायचं नाही. त्याला काय आवडतं, कशानं हसतो, त्याचा चांगला आठवडा कसा दिसेल, हे मोठ्या कागदावर लिहायचं. मग भीती: त्याचं काय होऊ नये असं वाटतं. मग शेवटी मागणी, आणि ती अगदी नेमकी. ‘कधीतरी मदत करा’ म्हटलं की सगळे ‘नक्की, हक्कानं सांगा’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, कारण तुम्ही कधी हक्कानं सांगत नाही. ‘दर गुरुवारी सहा ते सात त्याला खाली कट्ट्यावर न्याल का?’ याला हो किंवा नाही असं उत्तर येतं. नाही आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, त्या माणसाला दुसरं काहीतरी जमेल. एकाला महिन्यातून एकदा औषधांचा साठा बघायला सांगा, दुसऱ्याला तिमाही डॉक्टरांची तारीख, तिसऱ्याला नुसतं येऊन क्रिकेटची मॅच त्याच्याबरोबर बघायला.

सुरुवात सोबतीपासून करा, सेवेपासून नको. ज्याला तो आवडायला लागला तो माणूस पुढे डायपर बदलायला आपण होऊन शिकतो. पहिल्याच दिवशी डायपर दाखवलेला माणूस परत येत नाही. शिकवताना क्रम ठेवा: आधी तीनदा नुसतं बघणं, मग तीनदा तुमच्यासमोर करणं, मग तुम्ही शेजारच्या खोलीत, मग घराबाहेर. इथे आईचा पाय अडतो. ‘त्यांना नाही जमणार, मीच करते’ हे प्रेमानं म्हटलेलं असतं, आणि त्यानंच गट मोडतो. नवख्याच्या हातून घास सांडेल, वेळ दुप्पट लागेल. धोका नसेल तिथे सांडू द्या.

पहिले सहा महिने महिन्यातून एक बैठक, नंतर दोन महिन्यांतून. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपस्थिती घसरते, हे धरूनच चाला. घसरण्याची कारणं बहुधा दोन: माणसाला नेमकं काम दिलेलं नाही, किंवा बैठक म्हणजे नुसता तब्येतीचा अहवाल झाला आहे. व्हॉट्सॲप गट फक्त वेळापत्रकासाठी ठेवा. त्याचा फोटो ‘आज सेवेचं भाग्य लाभलं’ म्हणून कुणाच्या स्टेटसवर गेला तर त्याच दिवशी प्रेमानं पण स्पष्ट सांगा. तो कुणाचं पुण्य मिळवण्याचं साधन नाही.

घराबाहेरचं आयुष्य. अपंग दिनाचा कार्यक्रम, व्हीलचेअर वाटप, गणपतीतलं एक आमंत्रण यातून ओळख होत नाही, कारण ती माणसं पुन्हा भेटत नाहीत. तीच माणसं दर आठवड्याला त्याच वेळी जमतात अशी जागा शोधा: बागेतला हास्यक्लब, भजनी मंडळ, वाचनालय, सोसायटीचा कट्टा, तालमीचं पटांगण. तिथे त्याला एक काम मिळालं पाहिजे. नुसता ‘बसलेला’ माणूस काही आठवड्यांत दिसेनासा होतो. टाळ मनगटाला वेलक्रोच्या पट्ट्यानं बांधता येतो. आरतीच्या स्पीकरला मोठं बटण जोडता येतं, ते दाबण्याचं काम त्याचं. आवाज साठवणारं एकबटणी यंत्र मिळतं, त्यात आदल्या दिवशी ‘चला, सुरू करूया’ असं कुणाच्या तरी तरुण मुलाच्या आवाजात भरून ठेवा, आणि तो दाबेपर्यंत भजन सुरू करायचं नाही असं ठरवा. कामाची कसोटी एकच: तो आला नाही तर कुणी ‘आज कुठे आहे?’ असं विचारतं का.

पहिल्या खेपा ३० ते ४५ मिनिटांच्या. बसण्याची जागा तीच, बरोबरचा माणूस तोच. कंटाळा किंवा त्रास दिसण्याआधी निघायचं, म्हणजे त्याला आणि तिथल्यांना दोघांनाही ती वेळ चांगली गेली असं राहतं. ढोल आणि डीजेच्या आवाजानं दचकणाऱ्या मुलांना कानांवरचे आवाजरोधक लावा आणि स्पीकरच्या समोर बसवू नका. जागा आधी जाऊन मोजा. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे उंचीच्या बारा पट. त्याहून उभा रॅम्प ढकलणाऱ्याच्या हातून सुटतो. दार आतून मोकळं ९० सेंटिमीटर, खुर्ची वळवायला १५० सेंटिमीटरचा चौक. कपडे कुठे बदलायचे हे ठरवल्याशिवाय नेऊ नका. बहुतेक कुटुंबांचं बाहेर पडणं नेमकं इथे थांबतं आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. सोसायटीच्या कार्यालयात किंवा मंडळाच्या खोलीत एक खाट आणि पडदा मागितला तर बहुधा मिळतो.

महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हा चांगला स्रोत आहे. त्यांना वर्षाला १२० तासांचं काम करायचंच असतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि दोन विद्यार्थी पूर्ण वर्षासाठी मागा, दर वेळी नवे नकोत. ते दोन वर्षांनी जाणार हे गृहीत धरून त्यांना फक्त बाहेर नेण्याची सोबत द्या, शरीराची निगा नको.

पगारी मदतीशिवाय भागणार नाही. ब्युरोकडून मदतनीस घेताना ओळखपत्राची प्रत आणि पोलिस पडताळणी घ्याच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाऐवजी दोघांना आळीपाळीनं ठेवा, खर्च तोच राहील असे दिवस वाटून. एकटा मदतनीस अचानक गावी गेला की घर कोसळतं, आणि त्या भीतीपोटी घरचे त्याच्या चुकांकडे डोळेझाक करायला लागतात. अंघोळ आणि कपडे बदलणं नावानिशी ठरलेल्या दोघा-तिघांनीच करायचं, बाकी कुणी नाही. वर्तुळातले लोक कधीही न सांगता येतात हे मदतनिसाला पहिल्या दिवशीच ठाऊक असावं. आठवड्यातून एकदा घरातल्या माणसानं स्वतः अंघोळ घालून अंग बघावं. बोलू न शकणाऱ्या माणसाला मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, मुलग्यालाही. संशय आला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे कुणालाही तक्रार करता येते, आणि कलम ९२ खाली अशा अत्याचाराला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे.

आता कागद, कारण त्यांच्याविना वर्तुळातल्या कुणालाही बँकेत किंवा इस्पितळात उभं करत नाहीत.

१८ पूर्ण झाले की कायद्यानं आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. आज आई-वडील दोघांनी संयुक्तपणे घ्या. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे दोन्ही बहुतेक कुटुंबं विसरतात. मृत्युपत्रात पुढच्या पालकाचं नाव लिहिलं म्हणजे तो पालक झाला असं होत नाही, त्याला समितीकडे नव्यानं अर्ज करावाच लागतो. म्हणून ज्याचं नाव मनात आहे त्याची लेखी संमती आणि अर्जाची कागदपत्रं आजच एका पाकिटात तयार ठेवा. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालकत्व देत नाहीत, पत्नीसह संयुक्त द्यावं लागतं, हे काका-मामांचं नाव ठरवताना लक्षात घ्या.

यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची, अपंगत्वाची टक्केवारी बघा. ८० टक्के आणि वर असेल तर कार्ड निळं असतं, ४० ते ८० ला पिवळं. लहानपणी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्याची मुदत कधीच संपलेली असू शकते. निरामय आरोग्य विमा याच चार गटांसाठी आहे: वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरतात. वर्ष एप्रिल ते मार्च, नूतनीकरण चुकलं की संरक्षण खंडित. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायत, नगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते बऱ्याचदा सरसकट वाटून संपवले जातात. वर्तुळातल्या चार जणांनी सही करून रॅम्प, कपडे बदलण्याची खोली किंवा मदतनीस प्रशिक्षण असं नेमकं मागितलं तर ऐकलं जाण्याची शक्यता खूप वाढते.

वडील सरकारी नोकरीत होते तर अपंग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव पेन्शनच्या आदेशात तुमच्या हयातीतच नोंदवून घ्या. नंतर हेच काम नातेवाइकांना वर्षानुवर्षं फिरवतं. खासगी नोकरीतल्या भविष्यनिधीच्या पेन्शन योजनेतही पूर्ण व कायम अपंग अपत्याला वयाची अट नसलेली पेन्शन आहे.

घर किंवा मोठी रक्कम थेट त्याच्या नावावर करू नका. पुढे ते विकणं, भाड्यानं देणं, दुरुस्त करणंसुद्धा किचकट होतं. वारस आणि नॉमिनी एक नव्हेत, हेही लक्षात असू द्या. १८८२ च्या कायद्याखाली खासगी विश्वस्त निधी करा: लाभार्थी तो, विश्वस्त किमान दोघं, त्यांच्यामागचे पर्यायी विश्वस्त नावानिशी. स्थावर मालमत्ता त्यात घालायची तर दस्त नोंदणीकृत हवा. आणि एक गोष्ट अजिबात सोडू नका: पैसा सांभाळणारा आणि मुलगा सांभाळणारा ही वेगवेगळी माणसं असू द्या. दोन्ही एका हातात असलं की खर्च वाचवणं आणि निगा कमी करणं यांतली रेघ पुसट होते, चांगल्या माणसाच्याही.

कागदांची पडताळणी आणि शिकवलेल्या माणसांची परीक्षा एकदमच घ्या. वर्षातून दोनदा तुम्ही दोघं एक रात्र घराबाहेर राहा, फोन फक्त खऱ्या अडचणीसाठी. परत आल्यावर विचारा: कुठे अडलात, वहीत काय नव्हतं. औषधाचं जुनं नाव, गॅसचा नंबर, रात्री दोनला तो कण्हतो त्याचा अर्थ, अशा गोष्टी तेव्हाच सापडतात.

आणि संस्था. संस्थेत ठेवणं म्हणजे टाकून देणं असं मुळीच नाही, पण त्याची वेळ तुम्ही ठरवा, आजारपणानं ठरवू नये. कायद्यानं अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते आधी मागा. भेट संध्याकाळी सातला किंवा रविवारी द्या, सकाळी अकराला सगळ्या जागा छान दिसतात. रात्री किती जणांमागे किती कर्मचारी, हा प्रश्न विचारा. वजनाची नोंदवही बघा: सहा महिन्यांत अनेकांचं वजन उतरलं असेल तर भरवायला माणसं कमी आहेत. अंघोळीला पडदा आहे का, प्रत्येकाचे कपडे वेगळे आहेत का, दुपारी दोनला सगळे पलंगावर आहेत का, इस्पितळात दाखल करावं लागलं तर सोबत कोण राहतं, न कळवता भेटायला येऊ देतात का. या शेवटच्या प्रश्नावर ‘नियमात बसत नाही’ म्हणाले तर बाहेर पडा. जागा पटली तर आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिना असं ठेवून बघा, आणि पहिल्या खेपेला वही घेऊन त्याच्या ओळखीचा माणूस तिथे पूर्ण दिवस बसवा. त्यानंतर वर्तुळातल्या लोकांचं वेळापत्रक घरच्यासारखंच चालू ठेवा: आठवड्यातून एक जण, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. ज्याला भेटायला बाहेरून माणसं येत राहतात त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचं लक्ष जास्त राहतं, आणि गुरुवारचा कट्टा, भजनाचं बटण, जे जे चालू होतं ते संस्था त्याच गावात असेल तर तिथूनही चालू ठेवता येतं. म्हणून पन्नास मैलांवरच्या नामांकित जागेपेक्षा गावातली साधी, उघड्या दाराची जागा मी आधी बघायला सांगेन.